बॉनेट थंड होतं, मिलिंद

मिलिंद, तो फोटो कधीचा आहे?

नाही, आधी मला हे सांग. रडणं वगैरे मागाहून बघू. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या रविवारच्या गाडीवेड्यांच्या ग्रुपवर ज्याने त्याने जोडलेले हात टाकले, मेणबत्त्या टाकल्या, आणि त्या रांगेत जिग्नेशने एक फोटो टाकला. खाली लिहिलेलं, ‘मिस यू मिलिंद अंकल’. फोटोत त्याची ती पोपटी सुपरकार, काच खाली केलेली, आणि स्टिअरिंगमागे तू. दात काढून हसतोयस. इतकं हसताना मी तुला तुझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मी चहा पीत होतो. कप खाली ठेवला आणि बायकोला म्हटलं, “ह्यो बघ गो, मेलो तरी माका फसवता.” ती म्हणाली, “कुठल्या वेळी काय बोलावं ते तरी कळतं का तुम्हाला?” आणि डोळे पुसत आत गेली.

पण मला सांग, माझं चुकलं काय? तू! नवी सुपरकार दिसली की तोंड फिरवणारा तू. ‘ही गाडी नव्हे, चिडलेला मिक्सर आहे’ असं भर सिग्नलला काच खाली करून म्हणणारा तू. जगातली शेवटची देखणी गाडी आपण शाळेत असताना बनली आणि त्यानंतर सगळी वाट लागली, असं गिऱ्हाइकाच्या डोळ्यात टॉर्च मारता मारता ऐकवणारा तू. तो माणूस बिचारा चष्म्याचा नंबर काढायला आलेला असायचा. आणि तोच तू त्या मिक्सरमध्ये बसून हसतोस?

तुला माहीत आहे, माझा धंदाच संशयाचा. गाडी ठोकली, विम्याचा दावा आला, की खरंखोटं बघायला मी जातो. माणूस म्हणतो कुत्रा आडवा आला. बंपर म्हणतो भिंत आडवी आली. मी बंपरचं ऐकतो. एवढी वर्षं हे केल्यावर माणूस घरी येऊनही तसाच राहतो. बायकोने भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी मी आधी चाखून बघतो. “परब्या, तू तुझ्या जन्माच्या दाखल्यावरही शंका घेशील,” असं तू म्हणायचास. घेतली होती. नावात चूक निघाली होती.

तर मी तुझ्या फोटोचाही सर्व्हे केला. मोठा करून करून बघितला. मागे ऐरोलीच्या पुलाचा कठडा, ऊन कोवळं, म्हणजे सकाळ. अंगात निळ्या चौकटीचा शर्ट, जो सुजाता वहिनींनी यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीला घेतला, म्हणजे फोटो त्यानंतरचा. सीटबेल्ट लावलेला. आणि डोळ्यांवर लांबचा चष्मा. हे बाकी कुणाच्या लक्षात आलं नसेल. दुकानात तुझा जवळचा चष्मा नाकाच्या टोकावर असायचा आणि फोटोला उभं राहताना तू तो काढून खिशात टाकायचास. लांबचा चष्मा तू फक्त गाडी चालवताना घालायचास. म्हणजे नुसता ‘बसून बघतो हां’ म्हणून बसला नव्हतास. चालवत होतास, मेल्या.

आणि जयंतीनंतर तू किती रविवार बुडवलेस! दर वेळी एकच कारण. “कुर्ल्याला ताईकडे जायचंय, तिला बरं नाही.” मी विश्वास ठेवला. आयुष्यात कधी नाही तो ठेवला, कारण बहिणीच्या तब्येतीवर कोण खोटं बोलतो? तुझ्या पुण्यानुमोदनाला सोसायटीच्या हॉलमध्ये ताई माझ्या शेजारीच बसलेल्या. तुझ्या फोटोला पांढरी फुलं, पुढे मेणबत्ती, भंतेजी त्रिसरण म्हणत होते. ते झाल्यावर मी हळूच विचारलं, “ताई, तब्येत कशी आहे आता?” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “मला काय झालंय? मी ठणठणीत आहे. मिलिंदच तर दोन महिने फिरकला नाही माझ्याकडे.” आणि त्या रडायला लागल्या. मी त्यांना पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला, आणि मनात तुला एक सणसणीत शिवी दिली.

आपली ओळख भांडणातूनच झाली, हे बरं आहे. घाटकोपरच्या रद्दीच्या दुकानात परदेशी गाड्यांच्या मासिकाचा एकच अंक होता आणि दोघांनी एकाच वेळी धरला. रद्दीवाला म्हणाला, “फाडून घ्या अर्धा अर्धा.” आपण खरंच फाडला. मागची पानं, जुन्या गाड्यांची, तू घेतलीस. पुढची, नव्यांची, मी. त्या दिवशी वाटणी झाली ती झालीच. तू जुन्यांचा वकील, मी नव्यांचा. दोघांपैकी एकाच्याही बुडाला सुपरकारची सीट कधी लागलेली नव्हती. तुझ्याकडे वडिलांची पद्मिनी, माझ्याकडे बँकेच्या कर्जावरची चौकोनी डबी. मतं मात्र अशी द्यायचो की इटलीतले कारखाने आपल्याला विचारून गाड्या काढतात.

तुझं म्हणणं मला तोंडपाठ आहे. जुनी गाडी एका माणसाने एका कागदावर एका रेषेत काढलेली असते. दिव्यापासून निघालेली ती रेष दारावरून जाते, मागच्या चाकावर जराशी उचलते आणि शेपटाकडे संपते, मध्ये कुठे अडखळत नाही. नव्या गाडीला रेषच नाही, नुसत्या जखमा आहेत. इथे भोक, तिथे चीर, त्यातली निम्मी खोटी, मागे प्लास्टिकची भिंत. आणि डोळे! डोळ्यांवर तर तू तासभर बोलायचास. “जुन्या गाडीचे डोळे गोल, उघडे. समोरच्याकडे नीट बघतात. नवीचे बघ, बारीक केलेले. डोळे बारीक करून कोण बघतो? ज्याचा नंबर वाढलाय तो. नाहीतर परब्या.” आणि सगळे माझ्याकडे बघून हसायचे.

मी काय कमी होतो? मी म्हणायचो, ती भोकं म्हणजे गाडीची फुप्फुसं आहेत, तिथून हवा आत जाते, ब्रेक गार होतात, गाडी जमिनीला चिकटून राहते. ही गाडी वाऱ्याने घडवली आहे, वाऱ्याला कुणाची हौस कळत नाही. तुझ्या त्या देखण्या रेषेच्या आत स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीत घुसायचा, ते मी डोळ्यांनी बघितलंय, तू नाही. आणि ‘जुनं ते सुंदर’ म्हणणाऱ्यांच्या गाड्यांचा रंग मी नखाने खरवडला आहे. खाली गंज असतो आणि गंजावर पुट्टी. तू म्हणायचास, “माझ्या पद्मिनीला नख लावून बघ, बोट तोडीन.” मी म्हणायचो, “का? काय लपवतोयस?”

फक्त एकदा तू मला गप्प केलंस. बाबांच्या वेळी. त्यांची दृष्टी गेली तेव्हा ते कुणाशी बोलेनासे झाले होते. तू पेटी घेऊन भांडुपला आलास, डोळे तपासलेस, आणि काही होण्यासारखं नाही हे मला दाराबाहेर नेऊन सांगितलंस. मग परत आत जाऊन त्यांच्या खाटेवर बसलास आणि विचारलंस, “बाबा, तुमच्या गिरणीच्या मालकाकडे कुठली गाडी होती हो?” एवढी वर्षं मी त्यांचा मुलगा, मला हे विचारायचं सुचलं नव्हतं. बाबा उठून बसले. नाव त्यांना आठवेना. मग त्यांनी चादरीवर हात ठेवला आणि ती गाडी हाताने काढून दाखवली. “हयसून असो गेलो, मगे असो वर, आणि हयसर मऊ.” तू त्यांच्या हातावर हात ठेवून ती रेष परत परत फिरवून घेतलीस. दुपार गेली त्यात. जाताना चपला घालता घालता मला म्हणालास, “तुझी नवी गाडी पन्नास वर्षांनी कुणी चादरीवर काढून दाखवेल?” मी म्हटलं, “बाबांची स्मरणशक्ती चांगली आहे म्हणून.” खरं सांगायचं तर त्या दिवशी मी तुझ्या पाया पडलो असतो. पडलो नाही, कारण मग तू वाद जिंकलास असा अर्थ झाला असता.

मग आला जिग्नेश. घाटकोपरचा, टाईल्सचा धंदा, वय तिशीपस्तिशीचं, अंगावर अत्तर आणि दारात ही पोपटी गाडी. भांडुपच्या त्या बंद कारखान्याच्या आवारात आपण रविवारी सकाळी जमतो, तिथला नियम सगळ्यांना सारखा. आल्या आल्या बॉनेट उघडायचं, इंजिन दाखवायचं, तोवर चहा नाही. जिग्नेश पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, “आत्ताच ठाण्याहून पळवत आणली, अंकल.” मला पटेना. हे लोक खड्ड्यांच्या भीतीने गाडी ट्रकवर चढवून आणतात आणि कोपऱ्यावर उतरवतात, मला ठाऊक आहे. मी सवयीने पुढे झालो, बॉनेटवर तळवा ठेवला. गारगार. “खोटं बोलतोस,” मी म्हटलं, “ही चालवत आणलेली नाही. बॉनेट थंड आहे. ट्रकवरून उतरवलीस ना?”

जिग्नेश लाजला बिचारा. त्याने पुढचं झाकण उघडलं. आत इंजिन नव्हतंच. एक बॅग होती आणि फळांची पिशवी. इंजिन मागे, सीटच्या पाठीशी, आणि तिथे हात ठेवला असता तर कातडी निघाली असती.

तू खाली बसलास हसता हसता. अक्षरशः जमिनीवर. “एवढी वर्षं ज्याची वकिली करतोयस, त्याचं इंजिन कुठे असतं तेही माहीत नाही!” मला माहीत होतं रे. मासिकात शंभर वेळा वाचलं होतं. पण हाताला माहीत नव्हतं. हाताने आयुष्यभर जुन्या पद्धतीच्या गाड्याच चाचपल्या होत्या. सगळे हसत होते, मीही हसलो, आणि तेव्हा तू हसायचा थांबून माझ्याकडे बघितलंस. डोळे बारीक करून. “परब्या,” तू म्हणालास, “तुला नव्या गाड्या खरंच आवडतात, की फक्त मला नाही आवडत म्हणून आवडतात?”

मी म्हटलं, “तुझं काय? तुला जुन्या खरंच आवडतात?”

तू म्हणालास, “पुढच्या रविवारी सांगतो.” मग तुझी ती ताईची तब्येत सुरू झाली. मधे एकदोनदा आलास, पण घाईत, चहा अर्धा टाकून. मी खोदून विचारलं की म्हणायचास, सांगतो रे, काय घाई आहे. मग दुकानाचं शटर वर करताना तू पडलास आणि ते राहूनच गेलं.

आता मला झोप का येत नव्हती ते सांगतो. तू पक्ष बदललास याचं एवढं नव्हतं. बदल बाबा, तुझी मर्जी. पण माझ्या डोक्यात दुसरंच घुसलं. तुला आधीच कळलं होतं का? छातीत काही होत होतं, डॉक्टर काही बोलला होता, आणि तू ‘एकदा ते करून बघू, एकदा हे करून बघू’ असं चालवलं होतंस का? आणि ते त्या टाईलवाल्याला सांगितलंस, मला नाही? कालचा पोरगा तो! रद्दीच्या दुकानापासूनची दोस्ती माझी, आणि मरणाची गोष्ट त्याला? वहिनींना विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्या बिचाऱ्या आधीच स्वतःला दोष देत होत्या, की मला कसं कळलं नाही. मी विचारलं असतं तर त्यांच्या संशयात आणखी भर.

म्हणून मी जिग्नेशच्या गोदामात गेलो. तो टाईल्सच्या खोक्यांमधून उठून आला, खुर्ची पुसून दिली, कोल्ड्रिंक मागवलं. मी म्हटलं, “ते राहू दे. मिलिंदने तुझी गाडी का चालवली? तब्येतीचं काही बोलला होता का? खरं सांग, मी खोटं ओळखतो.” हे म्हणताना मला बॉनेट आठवलं आणि त्यालाही आठवलं असणार, पण तो हसला नाही.

“नाही अंकल, आई शप्पथ, तब्येतीचं काहीच नाही. एकदम मस्त होते. त्या दिवसानंतर मला फोन केला त्यांनी. बोलले, एक राऊंड मारू दे. मी बोललो, या ना. मग दर संडे. मी ऐरोलीला गाडी घेऊन थांबायचो, ते रिक्षाने यायचे. पुलावर चालवायचे, आणि पूर्ण टाईम शिव्या द्यायचे गाडीला. मागचं दिसत नाही, आरसा लहान, ही स्क्रीन कशाला, हे बटन कशाला. पण उतरायचं नाव नाही घ्यायचे.”

“म्हणजे आवडली?”

“खूप आवडली, अंकल. त्या फोटोच्या दिवशी स्वतःच बोलले, झकास आहे रे.”

“मग मला का नाही सांगितलं?”

जिग्नेशने मान खाली घातली. “मी बोललो होतो त्यांना, परब अंकलना सांगू ना, किती खूश होतील. तर बोलले, अजिबात नाही. परब्याला कळलं ना मला ही आवडली, तर तो उद्यापासून जुन्या गाडीच्या बाजूने बोलायला लागेल. मग मला नव्याच्या बाजूने सगळं पहिल्यापासून शिकायला लागणार. या वयात नाही जमणार.”

मी कोल्ड्रिंक प्यायलो. नको म्हटलेलं ते सगळं प्यायलो. रिक्षात बसलो आणि घाटकोपर ते भांडुप रडत गेलो. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे.

घरी आल्यावर पुन्हा शंका आली. येणारच. हे जिग्नेशने मला बरं वाटावं म्हणून रचलं नसेल ना? माणसं मेल्यावर लोक असलं गोड गोड रचून सांगतात. ‘परब्या’ हा शब्द त्याने रविवारी ऐकलेला असणार, तो काही पुरावा नाही. मी सगळ्या बाजूंनी चाचपून बघितलं. पण मिलिंद, हे वाक्य रचायला मला आतून ओळखावं लागतं, आणि जिग्नेश मला कुठे ओळखतो? त्याच्यासाठी मी म्हणजे गाडीवर हात ठेवणारे एक म्हातारे अंकल. शेवटी मी मानलं, हे तूच बोललास. तरी अगदी पूर्ण खात्री नाही. तेवढी फट मी ठेवली आहे, नाहीतर तू मला ओळखणार नाहीस.

मग परवा वहिनींचा फोन आला. “परब भावजी, रविवारी ह्यांची पद्मिनी तुम्ही घेऊन जाल का? उभी राहिली तर बॅटरी उतरेल. आणि तिथे सगळ्यांना बघूनही बरं वाटेल.” मी गेलो. मुलुंडला तुझ्या घरून भांडुपला तुझी गाडी चालवत. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, दोनदा चुकलो. आवारात शिरलो तेव्हा सगळे उभे राहिले, कुणी टोपी काढली. मी बॉनेट उघडलं. नियम म्हणजे नियम. कुणीतरी चहा आणून दिला. सगळे हात बांधून गाडीकडे बघत उभे. मला ते सहन होईना, म्हणून मी नेहमीचं सुरू केलं. मुद्दाम मोठ्याने. “काय ही गाडी! चाकं लावलेला डबा. ना वेग, ना ब्रेक. ह्याला कोण सुंदर म्हणतं?”

एवढं म्हणून मी थांबलो. इथून पुढचं तू घ्यायचास. ‘तुझ्या मिक्सरपेक्षा बरी’ म्हणून सुरू व्हायचास. मी थांबलो, चहाचा घोट घेतला, सगळ्यांकडे बघितलं. ते माझ्याकडे इतक्या मायेने बघत होते की अंगावर काटा आला. एकजण म्हणाला, “बरोबर आहे अंकल.” दुसरा म्हणाला, “हो ना, आता जुन्यांचा जमाना गेला.” जिग्नेशने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

बरोबर आहे? माझं बरोबर आहे? जन्मात कधी कुणी मला तिथे बरोबर म्हटलं नव्हतं. माझं डोकंच सटकलं. “काय बरोबर आहे रे?” मी ओरडलो. “डोळे आहेत का तुम्हाला? ही दिव्यापासूनची रेष बघा. बघा कुठे जाते! काढून दाखवा एक तरी अशी! तुमच्या गाड्यांना रेष आहे का, नुसत्या जखमा!” मी तुझ्या गाडीभोवती फिरत फिरत सगळं बोललो. गोल डोळे, काचांमधले पातळ खांब, दाराचा आवाज, सगळं. एक शब्द चुकला नाही. ते ऐकत होते. माना डोलवत होते. कुणी उलट बोललं नाही.

तू म्हणालास तसंच झालं, मिलिंद. मी तुझ्या बाजूला आलोय. आता तू तिकडच्या बाजूने बोल. मी ऐकून घेणार नाहीच, पण बोल.